येणाऱ्यांसाठी राखलेले आकडे

"एऽ मार्ताच्या पोरा, जळक्या घाण्याच्या खालच्या, तांबडी गाय बांधतात त्या अंगणातल्या, तुझ्या मामाचा फोन आलाय लिमोनहून. आईला म्हणावं, हात पूस आणि ये."

ही हाक ओतिलियाबाईंची. सांता इनेसच्या डोंगरसोंडेवर तेव्हा एकच फोन होता, किराणा दुकानात, आणि तो सांभाळायच्या ओतिलियाबाई. फोन वाजला की त्या ओट्यावर येत, तोंडाशी हात धरत आणि दरीत हाक सोडून देत. मग ती हाक कॉफीच्या मळ्यांवरून घरंगळे, ओहोळ ओलांडे, कुणाच्या वाळत घातलेल्या कपड्यांना जराशी हलवे आणि नेमकी ज्या घराची असेल त्या घरात शिरे. घरांना नंबर नव्हते. प्रत्येक घराला आपली एक गोष्ट होती, आणि गोष्ट सांगितली की घर सापडे. मार्ताचा तो पोर, लहानगा एवेलियो, उसाच्या घाण्याखाली बसून ती हाक ऐके. आपलं घर कुणीतरी इतक्या मोठ्यानं ओळखतंय, याचं त्याला फार अप्रूप वाटे.

एवेलियो मोठा झाला, दामारिसशी लग्न करून बसला, डोक्यावरचे केस गेले, आणि वीज व टेलिफोनच्या सहकारी संस्थेत तक्रारींच्या खिडकीमागे त्याची अर्धी हयात गेली. पण ती हाक काही कानातून गेली नाही. आता इतकी जुनी हाक कानात घेऊन हिंडणाऱ्या माणसाच्या हाती तांत्रिक काम देऊ नये, असं व्यवस्थापनाच्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. म्हणून संस्थेच्या व्यवस्थापिका डोन्या सिनिया यांच्याकडून ती चूक झाली.

काम असं होतं. टेलिफोनच्या त्याच जुन्या तांब्याच्या तारांतून आता इंटरनेट सोडायचं होतं. तार जुनी, खांब जुने, फक्त दोन्ही टोकांना नवे डबे. पण जाळ्यात शिरणाऱ्या प्रत्येक घराला एक आकडा लागतो, चार तुकड्यांचा, मधे टिंबं असलेला. त्याला आयपी पत्ता म्हणतात. तो नसला तर जगातून तुमच्या नावानं निघालेलं काहीही तुमच्या दारी पोचत नाही, वाटेतच कुठंतरी बसून राहतं. सांता इनेसच्या सोंडेसाठी राजधानीतून अडीचशेच्या आसपास आकडे मिळाले होते. घरं त्याहून पुष्कळ कमी. म्हणजे हिशेब बसत होता. सुरुवातीला हिशेब नेहमी बसतोच.

राजधानीहून इंजिनिअर मोंतेनेग्रो आले होते. चिखलाच्या गावात पांढरे बूट घालून येण्याइतका त्यांचा स्वतःवर विश्वास होता.

"अगदी सोपं आहे," ते म्हणाले. "सगळे आकडे एका हौदात टाकायचे. ज्यानं यंत्र चालू केलं त्याला हौदातला हाताला लागेल तो आकडा. बंद केलं की आकडा पुन्हा हौदात."

"म्हणजे आज जो माझ्या घराचा आकडा, तो उद्या शेजाऱ्याच्या घराचा?" एवेलियोनं विचारलं.

"असू शकतो."

"आणि माझं घर उद्या कुठं?"

"घर तिथंच. आकडा बदलेल."

"इंजिनिअरसाहेब, हे घर आहे की धर्मशाळा?"

डोन्या सिनियांनी चष्मा कपाळावर सरकवला. त्यांनी चष्मा कपाळावर नेला की संस्थेतली माणसं खुर्चीत सरळ बसत.

"एवेलियो," त्या म्हणाल्या, "तुझ्या डोक्यात काहीतरी दिसतंय. कर. पण वार्षिक सभेच्या दिवशी सगळी सोंड जोडलेली दिसली पाहिजे. एक जरी घर बाहेर राहिलं तर काम राजधानीच्या कंपनीला, आणि तू तुझ्या खिडकीत."

एवेलियोनं विडा उचलला. घरी येऊन जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरला, रंगीत पेन्सिली घेतल्या आणि सोंड काढायला बसला. दामारिसनं काळ्या घेवड्याचा भात वाढलेली ताटली हातात धरून विचारलं, "मी कुठं ठेवू हे? समुद्रात की डोंगरावर?"

"समुद्रात ठेव. तिकडं कुणी राहत नाही."

"इकडंही दोघंच राहतात, पण त्यांना भूक लागते."

एवेलियोनं ऐकलं नाही. त्याला एक विचार सुचला होता, आणि तो सुचल्याबरोबर आपण थोर आहोत असं त्याला वाटू लागलं होतं. आकडे रस्त्याच्या क्रमानं द्यायचे, हे तर झालंच. पण घरं काय एका जागी थांबतात? सांता इनेसमध्ये पोरगं लग्न करतं आणि बापाच्याच जमिनीवर, आईच्या चुलीचा धूर दिसेल इतक्या अंतरावर घर बांधतं. उद्या त्या पोराला आकडा कुठला द्यायचा? पार सोंडेच्या शेपटाशी, जिथं उरला असेल तिथला? आईचा आकडा एक आणि लेकाचा भलतीकडं? छे. प्रत्येक घराशेजारी मोकळी जागा राखायची. येणाऱ्यांसाठी.

आणि हे चूक नव्हतं बरं का. आकड्यांची वाटणी करताना वाढीला जागा ठेवावी, असं शहाण्यांच्या पुस्तकातही लिहिलेलं असतं. फक्त किती ठेवावी, हे त्या त्या घरात जाऊन विचारावं, असं कुठं लिहिलेलं नाही. एवेलियो विचारायला निघाला.

शेजारचं पहिलं घर डॉन बेलिसारियो यांचं. सांता इनेसमध्ये वयानं मोठ्या पुरुषाच्या नावाआधी डॉन आणि बाईच्या नावाआधी डोन्या लागतंच. त्यात दहशतीचा काही भाग नाही. बेलिसारियो निवृत्त बसचालक होते आणि निवृत्तीनंतर त्यांनी सल्ला देण्याचं काम पूर्णवेळ हाती घेतलं होतं. बस चालवताना मागून येणाऱ्या सूचना त्यांनी आयुष्यभर सोसल्या होत्या. त्या सगळ्या ते आता व्याजासह परत करत होते.

"पेन्सिल हिरवी का घेतलीस?" त्यांनी दारातच विचारलं.

"निवासी घरांना हिरवी."

"हिरवी उन्हात उडते. निळी घे. आणि आकडे वरून खाली देतोयस की खालून वर?"

"वरून खाली."

"चुकलास. पाणी वरून खाली येतं, माणूस खालून वर जातो. बरं, बस. कॉफी गाळतो."

कापडी पिशवीतून कॉफी थेंब थेंब उतरेपर्यंत एवेलियोनं मुद्दा सांगितला. शेजारी किती आकडे राखू? बेलिसारियोंनी अंगणापलीकडच्या उतरत्या जमिनीकडं पाहिलं. तिथं त्यांनी चार दगड मांडून ठेवले होते.

"ओल्मानसाठी लिही," ते म्हणाले. ओल्मान त्यांचा एकुलता एक मुलगा, अमेरिकेत न्यू जर्सीला बांधकामावर. "येतोच आहे आता तो. इथं घर बांधणार, दोन मजली. खालच्याला एक, वरच्याला एक. मग बायको येईल, तिचं शिवणकामाचं दुकान निघेल, त्याला एक. पोरगं होईल, ते तुझ्यासारखं पेन्सिलीवर भागणारं नसेल, त्याला कॉम्प्युटर लागेल. लिही, चार."

"पोरगं कधी होणार?"

"ते काय कॉफीचं झाड आहे, तारीख सांगायला? लिही तू."

एवेलियोनं लिहिलं. मग तो पुढच्या घरी गेला, आणि तिथून पुढच्या. आणि लोकहो, इथून त्या कामाला असे काही पाय फुटले की विचारू नका. आता किराणा दुकान चालवणाऱ्या क्लेमेन्सियाबाईंनी तीन मुलींसाठी तीन आकडे मागितले. तिघींनाही लग्नाची घाई नव्हती, आईला होती. शिवाय ते आकडे नणंदेच्या आकड्याला खेटून नकोत. "मधे एखादा रिकामा ठेव," त्या म्हणाल्या, "भिंतीसारखा." एका नव्या सुनेनं सासू गुळाचं पाणी आणायला आत गेली तेवढ्यात एवेलियोच्या कानाशी येऊन सांगितलं, "दोन लिहा, पण पेन्सिलीनं." सासूनं बाहेर येऊन सांगितलं, "पाच." एका विधवेनं नवऱ्यासाठी एक ठेवायला लावला. तो गेला होता हे तिला ठाऊक होतं, एवेलियोलाही होतं. दोघांनी कॉफी घेतली आणि तो विषय काढला नाही. लिमोन बंदरात गेलेले, राजधानीत भांडी घासणारे, न्यू जर्सीत छपरं घालणारे, बोटीवर चढलेले आणि कुठं उतरले ते न कळवलेले, सगळ्यांची नावं घराघरातून बाहेर आली. कुणाची खोली अजून झाडून ठेवलेली होती. कुणाची बशी फडताळात उपडी होती.

संध्याकाळी एवेलियो घरी येई तेव्हा पोटात कॉफी डचमळत असे आणि कागद भरलेला असे.

"आज कुणाकुणाला जन्माला घातलंस?" दामारिस विचारी.

मधेच उंबराचं प्रकरण उपटलं. सांता इनेसमध्ये पत्ता सांगायचा तर मोठ्या उंबरापासून सांगतात: उंबरापासून इतकं खाली, मग इतकं डावीकडं. एवेलियोनं सगळी सोंड त्या मापानं कागदावर उतरवली, आणि प्रत्येक भागाच्या डब्याला आकडे वाटताना बघतो तर एका डब्यावर घरांची झुंबड आणि दुसऱ्यावर चिटपाखरू नाही. दोन दिवस तो स्वतःला दोष देत बसला. मग ध्यानात आलं की उंबर दोन आहेत. एक चर्चसमोर उभा आहे, तरुण माणसं त्याच्यापासून मोजतात. दुसरा वळणावर होता, तो वादळात पडून वीस-पंचवीस वर्षं झाली. म्हातारी माणसं अजून त्याच्यापासूनच मोजतात. एकाच घरात सासरा पडलेल्या उंबरापासून पत्ता सांगे आणि सून उभ्या उंबरापासून, आणि दोघंही बरोबर असत.

"मी कितीदा सांगितलं, खालून वर जा," डॉन बेलिसारियो म्हणाले.

"त्यानं काय झालं असतं?"

"दोन्ही उंबर लागले असते वाटेत."

एवेलियोनं नवा कागद घेतला. आणि खरं सांगायचं तर तो दुसरा कागद फार देखणा झाला. संस्थेच्या भिंतीवर त्यानं तो लावला तेव्हा बिलं भरायला आलेली माणसं रांग सोडून तिथं जमू लागली. हिरव्या चौकोनात राहती घरं, आणि प्रत्येकाच्या शेजारी फिक्या पिवळ्या चौकोनांत येणारी. म्हाताऱ्या बायका बोट ठेवून आपली नातवंडं एकमेकींना दाखवत. सांता इनेस आजवर कधी एवढं भरलेलं नव्हतं. कॉफीच्या तोडणीतही नाही, जत्रेतही नाही. त्या कागदावर कुणी घर सोडून गेलेलंच नव्हतं. जो तो आपल्या आईच्या शेजारी राहत होता.

डोन्या सिनिया कागदासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. चष्मा डोळ्यांवरच होता.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "चालतं का?"

आकडे डब्यांत भरले आणि घरं एकामागून एक जोडायला सुरुवात झाली. पहिले काही दिवस एवेलियो रस्त्यानं नुसता तरंगत होता. मग खालच्या वाडीत नवी घरं जोडणी मागायला आली; पाणी आल्यापासून तिथं बरीच वस्ती वाढली होती, आणि ती माणसं कुणाची वाट बघत नव्हती, स्वतःच आली होती. आणि सगळ्यात शेवटी शाळेची तार आली, कारण शाळेचा खांब वाकलेला होता. एवेलियोनं शाळेसाठी आकडा घ्यायला यंत्रात हात घातला.

आकडा नव्हता.

त्यानं पुन्हा पाहिलं. एकही नव्हता. अडीचशे आकड्यांपैकी निम्म्याहून जास्त आकडे न आलेल्या, न जन्मलेल्या, न परतलेल्या आणि एका मेलेल्या माणसाच्या नावावर होते; आणि शाळेतली जिवंत पोरं बाकांवर बसून कोऱ्या पडद्याकडं बघत होती. वार्षिक सभा आठवड्यावर आली होती.

एवेलियोनं राजधानीला लिहिलं, आणखी आकडे हवेत. राजधानीनं अर्ज पाठवला. अर्जात दोन रकाने होते: वापरात असलेले आकडे, वापरात नसलेले आकडे. एवेलियोला तिसरा रकाना हवा होता. त्यानं समासात बारीक अक्षरात लिहिलं, "वाट पाहत आहेत." उत्तर तत्परतेनं आलं: वापरात नसलेले आधी वापरा, मग मागा.

"एवढंच ना," डॉन बेलिसारियो म्हणाले. "क्लेमेन्सियाच्या पोरींचे तीन काढ. त्यांची लग्नं होत नाहीत."

क्लेमेन्सियाबाई म्हणाल्या, "बेलिसारियोचे चार काढा. बायको नाही, पोर नाही, वरचा मजला म्हणे."

एवेलियो पुन्हा दारोदार फिरला. या वेळी कुणी कॉफी विचारली नाही. "माझ्या लेकाची जागा काढून घ्यायला आलास?" असं एका आईनं विचारलं, आणि ती पोळी उलटत राहिली. पोळी करपेपर्यंत. पहिला आकडा कोण सोडणार? जी सोडेल ती कबूल करणार की आपला कुणी येत नाही. आणि सगळ्या गावात ते आधी आपण कबूल करायचं, हे कुणाला जमणार? एवेलियोचा अंगरखा त्या दिवशी एका कुत्र्यानंसुद्धा फाडला. ते कुत्रं आजवर त्याच्या ओळखीचं होतं.

"बटण दाब आणि पुसून टाक की," दामारिस अंगरखा शिवता शिवता म्हणाली. "कुणाला कळतंय?"

"मला कळेल."

"मग बस खिडकीत जन्मभर."

"बसेन."

दामारिसनं दातानं दोरा तोडला. "मूर्ख आहेस," ती म्हणाली, पण ज्या आवाजात दुसऱ्या बायका नवऱ्याचं कौतुक करतात, त्या आवाजात.

सभेला सगळी सोंड लोटली. संस्थेचं सभागृह भरलं, केळीच्या पानात वाफवलेले मक्याच्या पिठाचे तमाल आधीच वाटले गेले, त्यामुळं पुढचं कामकाज शांतपणे ऐकायची लोकांची तयारी होती. इंजिनिअर मोंतेनेग्रो पहिल्या रांगेत होते. कंपनीचा करार त्यांच्या मांडीवर, पांढऱ्या बुटांना यावेळी चिखल लागलेला. मंचावर एवेलियोचा कागद टांगला होता.

डोन्या सिनिया उभ्या राहिल्या. "शाळा अजून बाहेर आहे," त्या म्हणाल्या. "एक आकडा हवाय. एवेलियो, दहा मिनिटांत तो निघाला नाही तर मला मत घ्यावं लागेल."

मोंतेनेग्रो हसून म्हणाले, "पिवळे चौकोन पुसा की. त्यात कुणी राहत नाही."

सभागृहात कुणीतरी तमालाचं पान दुमडलं, त्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला.

एवेलियो पुढं आला. त्याला भाषण येत नव्हतं. खिडकीमागून त्यानं आयुष्यभर "पुढचे" एवढाच शब्द म्हटला होता.

"मी ते पुसणार नाही," तो म्हणाला. "साहेब म्हणतात ते खरं आहे, तिथं कुणी राहत नाही. पण मी एकेका घरात जाऊन, विचारून लिहिलेत. पुसायचे तर विचारूनच पुसेन. मी विचारलं. तुम्ही नाही म्हणालात. तो तुमचा हक्क आहे. काम कंपनीला द्या. माझं काही म्हणणं नाही."

एवढं बोलून तो बाजूला सरला, आणि मंचाच्या कोपऱ्यातली पेन्सिल खिशात ठेवली. दामारिसनं मान खाली घातली. कुणी टाळी वाजवली नाही. पण डोन्या सिनियांनी मत घ्यायला हात वर केला नाही. त्या चष्मा पुसत राहिल्या, पुसलेलाच चष्मा.

तेव्हा मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. डॉन बेलिसारियो उभे राहिले होते. सभेत बेलिसारियो उभे राहिले की लोक दाराकडं बघतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"पहिली गोष्ट," ते म्हणाले, "तमालात मीठ कमी होतं."

"नोंद घेतली," डोन्या सिनिया म्हणाल्या.

"दुसरी गोष्ट, तो कागद वाकडा लावलाय. डावी बाजू वर करा."

एवेलियोनं मुकाट्यानं डावी बाजू वर केली.

"तिसरी," बेलिसारियो म्हणाले आणि थांबले. त्यांनी खुर्चीची पाठ धरली, जशी चढावर बस आली की मागचे उतारू धरत.

"माझ्या चार आकड्यांतला एक शाळेला दे. नाही, चारही घे. शाळेला एक, खालच्या वाडीत उद्या येतील त्यांना बाकीचे." त्यांचा आवाज बसच्या इंजिनासारखा खालच्या पट्टीत गेला. "ओल्मानचा फोन आला होता. गेल्या नाताळच्याही आधी. तो म्हणाला, बाबा, मी इथं घर घेतलंय, आता यायचं नाही. मी म्हटलं, काय म्हणतोस, लाइनीत खरखर आहे, ऐकू येत नाही. त्यानं पुन्हा सांगितलं. मी पुन्हा म्हटलं, ऐकू येत नाही. तिसऱ्यांदा तो ओरडला, बिचारा, आणि मी फोन ठेवला."

ते एवेलियोकडं बघत होते.

"खरखर नव्हती, एवेलियो. तुझी लाइन अगदी स्वच्छ होती. मला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं."